भिंत ओली आहे, असं समजा

आमचे हे रंगारी. छत रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणतात. मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणत नाही. आधीच स्वारी हरभऱ्याच्या झाडावर.

मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना, शर्ट घालतानाही कळ यायची. रंगाच्या दुकानदाराने गल्ल्यावर बसायला बोलावलं. "बसतो की," हे म्हणाले, पण त्या रात्री अर्ध्या जेवणावरून उठले. शिडी सुटली तर हा माणूस खचणार, हे मला दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, फाटलंबिटलं काही नाही, स्नायू कमजोर झालेत. हलक्या वजनाने व्यायाम करा.

कोपऱ्यावरच्या जिममध्ये शिकवणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. मी सोबत गेले, नाहीतर हे दारातूनच परतले असते. तिने छोटासा डंबेल हातात दिला.

"काका, हा खांद्यापाशी धरा आणि एका हाताने वर ढकला. पोट घट्ट, मनगट ताठ, कोपर बरोबर मनगटाखाली. वर नेताना श्वास सोडा."

यांनी डंबेल वर नेला आणि सगळं अंग डावीकडे कललं. कंबर बाहेर, मान मागे, नजर छताला. शिडीवरून लांबचा कोपरा गाठताना असतात, अगदी तसे.

"काका, वाकताय."

"छे! कुठे वाकलो?"

"वाकलात," मी म्हणाले.

"तू गप्प बस गं."

पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. तिच्या जागी मी असते तर केव्हाच हात टेकले असते. तिने मात्र शांतपणे विचारलं, "काका, काम काय करता?" उत्तर ऐकून तिने त्यांना भिंतीशेजारी उभं केलं, डावा खांदा भिंतीपासून जेमतेम चार बोटांवर.

"ही भिंत आत्ताच रंगवलीय. ओली आहे, असं समजा."

ओल्या भिंतीला कोणी नुसतं खेटलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस हा! डंबेल सावकाश वर गेला, सरळ, कानाजवळून. खांदा भिंतीला लागला नाही, पाठ वाकली नाही. तसाच सावकाश खाली आला.

"दुखलं का हो?" मी विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले, आणि डंबेल पुन्हा खांद्यापाशी धरला.

मग रोजची वारी सुरू झाली. दुकानदार विचारायचा, हे "बघू" म्हणायचे. वजन हळूहळू वाढत गेलं आणि एक दिवस शाळेच्या सभागृहाचं छत रंगवायचं काम आलं. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी हे दारात उभे. केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीवर पांढरे शिंतोडे. इतके महिने त्यांचं स्वच्छ डोकं मला बघवत नव्हतं. देव त्या पोरीला उदंड आयुष्य देवो.

एरवी दारातूनच आंघोळीला पिटाळलं असतं. त्या दिवशी तसंच पानावर बसवलं, आणि समोर बसून बघत राहिले.