नाडीकाका आणि न ओरडणारं इंजिन

मी हे लिहायचं धाडस करतो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कोणी गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे अर्ज, आणि तोही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, एवढीच आमच्याकडची ओळख. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांच्याबरोबर आयुष्य काढलेली माणसं चिंचवड-भोसरीत आजही आहेत. लिहायचं ते त्यांनी. पण मला काकांना एक गोष्ट सांगायची आहे आणि ती आता लिहूनच सांगता येते. का, ते पुढे येईल.

नाडीकाका इंजिनावर दोन बोटं ठेवत. चालू इंजिनाला कुठे हात लावला तर चटका बसणार नाही, ती जागा त्यांना बरोबर ठाऊक असे. तिथे उजव्या हाताची दोन बोटं टेकवायची, डोळे मिटायचे आणि गप्प उभं राहायचं. म्हणून नाडीकाका. खरं नाव आम्हाला महिनाभर माहीतच नव्हतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तळवड्याला, त्यांच्या गाडीदुरुस्तीच्या शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर. शाळेची एक व्हॅन उभी होती. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच चहा पीत होता. काका उठले, त्याला न विचारता व्हॅनला बोटं लावली, परत आले आणि ग्लास उचलून म्हणाले, "दोन नंबरचा प्लग गेलाय. बदल."

"काका, तुम्ही मेकॅनिक आहात का वैद्य?" ड्रायव्हर हसला.

"मुलं बसतात ना गाडीत? मग हसू नको, बदल."

चार दिवसांनी तोच ड्रायव्हर बिस्किटाचा पुडा घेऊन शेडवर आला. दोन नंबरच होता. माझा मित्र ओंकार मला कोपर मारून म्हणाला, "भावा, आपलं काम झालं. हाच माणूस पाहिजे."

आमचं काम असं होतं. ताथवड्यातल्या आमच्या कॉलेजकडे एक जुनी छोटी गाडी होती, टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन असलेली. ती इथेनॉलवर चालवायची आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरवायची. हा आम्हा तिघा मुलांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. इंजिन एकच. विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फुटलं तर दुसरं मिळणार नाही. तुमचंही वर्ष जाईल आणि मागून येणाऱ्या मुलांच्या हातीही काही राहणार नाही."

काका चिंचवडच्या एका कंपनीत जवळजवळ चाळीस वर्षं इंजिन तपासणीच्या खोलीत होते. निवृत्तीनंतर ही शेड. आम्ही भीत भीत विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला, "इंजिन एकच आहे ना? मग येतो. दोन असती तर तुम्ही एक फोडून शिकला असता."

इथेनॉल उसापासून होतं, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई हरखली. माझ्या लहानपणी ती आणि बाबा ऊसतोडीला जात. नंतर बाबांना चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रांवर, काम मिळालं आणि आम्ही चिखलीत राहायला आलो. मी चिंधीवर चार थेंब घरी नेले. आईनं हुंगून तोंड वाकडं केलं. "ह्यात ऊस कुठाय रे? इंजेक्शन देताना येतो तसला वास येतोय." मी ते काकांना सांगितलं. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. पुढे ते कॅनला 'आईचं औषध' म्हणत.

त्या कॅनचं झाकण एक मिनिट उघडं राहिलेलं त्यांना चालत नसे. "हे हवेतलं पाणी पितं. झाकण!" एवढं म्हणून ते स्वतःच लावत. सवय इतकी, की चहाच्या ग्लासवरही बशी ठेवत. आम्ही पेट्रोलच्या दीडपट इंधन जाईल असा मोठा पंप बसवला, इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले, रबरी नळ्या बदलल्या आणि गाडी तिसऱ्या दिवशी आचके देऊन बंद पडली. आम्ही तिघं इंजेक्टरवर तुटून पडलो. काकांनी फक्त फिल्टर काढला आणि आमच्या हातावर उपडा केला. काळा चिकट गाळ.

"टाकी धुतली त्यानं. दहा वर्षांची घाण होती, पेट्रोलला कधी निघाली नाही. चांगलं इंधन आधी आपली घाण दाखवतं, मग चालतं."

थंडीत वेगळाच त्रास. इथेनॉल गारठ्यात लवकर पेट घेत नाही. सकाळी गाडी चालूच होईना. काकांनी काकूंनी दिलेला थर्मास उघडला, हवा आत जाते त्या नळीला फडकं गुंडाळलं आणि थर्मासातला गरम काळा चहा त्यावर ओतला. दुसऱ्या चावीला इंजिन सुरू. काका रिकामा थर्मास हलवत म्हणाले, "आज काळा चहा नाही. इंजिनानं प्यायला." हे कुठल्या पुस्तकात आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आता तुझ्या वहीत आहे. लिही."

लिहिण्यावर त्यांचा फार जोर. लॅपटॉपवरून इंजिनाचे आकडे बदलताना प्रत्येक आकड्याखाली शेरा लिहायला जागा असते. कोणी ती वापरत नाही. काका एका बोटानं, अक्षरं शोधत, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टंकत बसत. ओंकार कंटाळायचा. "काका, फाइल सेव्ह झालीये, दिसतंय ना काय बदललं ते."

"काय केलं ते दिसतंच. का केलं ते दिसत नाही. ते लिहायचं. उद्या मी नसेन, तू नसशील. पुढच्या माणसानं कोणाला विचारायचं?"

आता त्या दिवसाबद्दल. पेट्रोल चुकीच्या वेळी पेटलं की इंजिनातून बारीक टकटक येते. तिला नॉकिंग म्हणतात. ती ऐकायला काकांनी तांब्याची एक नळी केली होती. तिचं एक टोक चपटं करून इंजिनाला बोल्टनं पक्कं करायचं, दुसऱ्या टोकाची रबरी नळी कानांवरच्या जाड टोपणांत. सगळ्या गोंगाटातून आतली टकटक कानात येते. पेट्रोलवर पहिली चाचणी घेताना त्यांनी ती टोपणं माझ्या कानांवर बसवली. "तू ऐक. मला हात वर करून सांग." चाळीस वर्षं ऐकलेल्या माणसानं आपली जागा मला दिली, हा केवढा मान, असं मला वाटलं. मी आईला रात्री ते दोनदा सांगितलं.

मग इथेनॉल घातलं. गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आहे. ठिणगी किती लवकर पाडायची ते डिग्रीत मोजतात. एक एक डिग्री वाढवत गेलो. ताकद वाढत गेली. मी कान देऊन बसलो होतो. टकटक नाही. आणखी एक डिग्री. नाही. आणखी एक. आतून नुसता गुळगुळीत घुमणारा आवाज, आणि मला अंगावर काटा आल्यासारखं झालं. आपल्या आईबापांनी मोळ्या बांधलेल्या उसात एवढी ताकद होती, आणि ती इतकी शांत.

काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते ताकदीच्या आकड्याकडे बघत होते. आकडा वाढायचा थांबला, तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. आता दोन डिग्री मागे."

मी टोपणं काढली. "काका, पण नॉकिंग तर येतच नाहीये. अजून जाता येईल."

"म्हणूनच मागे." त्यांनी बोटं इंजिनाला लावली. "पेट्रोल भांडकुदळ असतं. त्रास झाला की ओरडतं, आपण सावध होतो. हे सोशिक. तू वाढवत जाशील, हे ऐकून घेईल. ताकद एक दाणाही वाढणार नाही, आत दाब मात्र चढत जाईल. मग एक दिवस पिस्टनचा दांडा वाकेल, आणि तोपर्यंत तुला आवाजही येणार नाही. जे ओरडत नाही त्याच्यापाशी आपण थांबायचं असतं."

मी ते वहीत लिहिलं. शब्द न् शब्द लिहिला. आणि तरीही पुढे जे केलं ते केलं.

स्पर्धा चाकणजवळच्या मैदानावर होती. गाडीचा जोर मोजणार आणि मग तासभर न थांबता पळवणार. बघायला कंपन्यांचे लोक येणार होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाबांनी अर्धा दिवस सुट्टी टाकली होती. शाळेच्या एकाही कार्यक्रमाला शिफ्ट सोडून ते आले नव्हते. आदल्या दिवशी मी हे काकांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "कोण येणार?" मी मोठ्यानं म्हणालो, "बाबा! माझे बाबा!" ते मान हलवत म्हणाले, "बरं. मी जरा सगळं एकदा बघून घेतो." आणि अर्धा तास एकटेच लॅपटॉपपुढे बसले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाडीपाशी मी एकटा होतो. कुंपणाबाहेर बाबा कंपनीच्या गणवेशातच उभे होते. मी लॅपटॉप उघडला आणि ठिणगीच्या तक्त्यात दोन डिग्री वाढवल्या. वाटलं, एका दिवसापुरतं. वर्षभरात शेरा न लिहिता केलेला माझा तो एकच बदल.

गाडी सुटली, मीच चालवत होतो. शपथेवर सांगतो, मला वाटलं, ती जास्त ओढते आहे. पाठ सीटला चिकटली असं मी ओंकारला सांगितलंसुद्धा. तासभर पळाली, एकदाही अडखळली नाही. आमचा दुसरा नंबर आला. कुंपणापाशी काका बाबांना म्हणत होते, "मुलगा घाई करतो, पण लिहून ठेवतो." बाबा नुसते हसत होते, कुठे बघावं हे न कळल्यासारखे. मग काका आले, बॉनेटला बोटं लावून उभे राहिले.

"काय म्हणतं इंजिन?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे, काका."

"ठीकच असणार."

दुपारी मी ते आकडे गुपचूप परत खाली आणले. महिन्याभरात काकांनी शेड आवरली आणि काकूंबरोबर लांज्याकडच्या गावी गेले. निघताना ती तांब्याची नळी मला दिली. म्हणाले, "हिचं माझ्याकडचं काम संपलं."

मला चाकणला एका कंपनीत इंजिन तपासणीतच नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात आमच्या टेबलावर एक उघडलेलं इंजिन आलं. इथेनॉलवरचं. एक दांडा केळ्यासारखा वाकलेला. वरिष्ठ म्हणाले, "आदल्या क्षणापर्यंत आवाज काही नव्हता राव." मला कॉलेजची गाडी आठवली. तीत माझ्यामागून आलेल्या दोन तुकड्यांची मुलं बसली होती. एखादा दांडा माझ्या त्या सकाळपासून थोडासा वाकलेला असेल तर?

मी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. बाबा, कुंपण, दोन डिग्री, न लिहिलेला शेरा. बोलताना रडू आलं. पलीकडून काका म्हणाले, "हो, हो. छान. आईला नमस्कार सांग." मला वाटलं, इतक्या सहज माफ केलं? चैन पडेना. आठवड्यानं पुन्हा फोन केला, पुन्हा सांगितलं. "हो, हो. छान." मग काकूंनी फोन घेतला.

"अरे बाळा, त्यांना ऐकू येत नाही. कामावर असल्यापासूनच कमी होत गेलं, त्या इंजिनांच्या आवाजानं. तुमच्याकडे यायचे तेव्हाच एक कान पूर्ण गेला होता. कुणाला कळू दिलं नाही. आता फोनवर नुसतं हो हो करतात. तू लिहून पाठव, वाचतात ते."

टोपणं माझ्या कानांवर का बसवली ते तेव्हा कळलं. शाळेच्या व्हॅनपाशी डोळे मिटून उभा असलेला तो माणूस ऐकत नव्हताच. त्याच्या बोटांना ते कळत होतं. आम्ही ज्याला कान समजून वर्षभर मागे फिरलो, त्याचे कान गेलेले होते, आणि एकही निदान चुकलं नव्हतं.

म्हणून हे लिहायला घेतलं. काका, मी दोन डिग्री वाढवल्या होत्या. तुम्ही बॉनेटला बोटं लावून उभे होतात तेव्हा मी खोटं बोललो.

इथवर लिहून झालं आणि परवा कॉलेजमधल्या प्राजक्ताचा फोन आला. ती आता त्या गाडीवर काम करते. मी भीतीपोटी तिला इंजिन उघडून बघायला सांगितलं होतं. म्हणाली, "दादा, चारही दांडे मोजले. सरळ आहेत. पण एक विचारायचंय. आम्ही ठिणगी कितीही वाढवली तरी गाडी एका आकड्याच्या पुढे जातच नाही. लॅपटॉपमध्ये आत एका वेगळ्या पानावर कोणीतरी कमाल मर्यादा घालून ठेवलीय. तुम्हीच घातली का?"

ते पान मी कधी उघडलंच नव्हतं. म्हणजे त्या सकाळी मी आकडा वाढवला तो फक्त लॅपटॉपवर. इंजिनापर्यंत तो पोचलाच नाही. मी तिला विचारलं, खाली शेरा आहे का. तिनं फोटो पाठवला. तारीख स्पर्धेच्या आदल्या दिवसाची. मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं टंकलेले:

"का: मुलगा उद्या दोन डिग्री वाढवणार. त्याचे वडील बघायला येणार आहेत. वाढवू दे."