काकूच्या नावाचं सीताफळ

दुसऱ्याच्या घरी चहा आला की काकू कप हातात धरून बसायची. घरच्यानं पहिला घोट घेतला की मग तिचा कप तोंडाला. सगळं गाव तिला शक्की काकू म्हणायचं. माझी ती सख्खी चुलती, पण म्हणून मला काही सूट नव्हती. तिच्या घरून निघालो की आधी ती माझ्या पिशवीकडे बघायची.

काका गेल्यावर डोंगराच्या उतारावरची सीताफळाची बाग तिनं एकटीनं सांभाळली. फळ लई गोड. पण काही व्यापारी कुठून तरी स्वस्तातला माल आणून आमच्या डोंगराचा म्हणून पुण्यात खपवायचे. ते थांबवायला आमच्या शेतकरी गटानं ब्लॉकचेन, म्हणजे मालाची संगणकावरची नोंदवही, घेतली. प्रत्येकाला स्वतःच्या कोडाच्या स्टिकरांचं भेंडोळं मिळालं. खोक्यावर स्टिकर लावायचं, गिऱ्हाइकानं त्यावर मोबाइल धरला की शेतकऱ्याचं नाव, फोटो, बाग सगळं दिसणार. घाटनांदूरला गटाच्या शेडमध्ये त्या कंपनीचा इंजिनिअर समजावत होता, "एकदा झालेली नोंद कुणालाच बदलता येत नाही."

"आन खोटीच केली तर?" काकूनं विचारलं.

"तीही तशीच राहणार, मावशी. म्हणून तर स्टिकर जपायचे."

त्या पोराचं तिला तेवढं एकच पटलं. "फोटो कावून पायजे?" म्हणत तिनं बराच घोळ घातला. शेवटी काढू दिला, पण त्या फोटोतही ती अशी बघते की समोरच्यानं काहीतरी उचललंय.

बाकीच्यांनी भेंडोळी शेडमध्येच ठेवली. रोज कोण नेणार-आणणार? काकूचं मात्र ज्वारीच्या कोठीत. प्रत्येक खोक्याला स्वतःच्या हातानं चिकटवायची आणि टेम्पो हलेपर्यंत तिथून उठायची नाही.

मी म्हणालो, "काकू, गटाचा अध्यक्ष मी हाय. माझ्यापाशी ठेव की."

"तू घरचा हायस, म्हणून तर जास्त भ्या."

मला राग आला. बरेच दिवस मी तिच्या दारात गेलो नाही.

यंदा ऐन हंगामात काकू गेली. तेरावा झाला आणि आमचा माल पुण्याला नेणाऱ्या व्यापाऱ्यानं मला बोलावून घेतलं. "काकूच्या कोडाला लई मागणी हाय," तो म्हणाला. "बाई गेली हे त्या मोबाइलात कुठं दिसतंय? उरलेले स्टिकर दे, माल मी भरतो."

सगळ्या गटाचा माल त्याच्याच टेम्पोतून जायचा. त्याला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. "बघतो," म्हणालो आणि सरळ काकूच्या घरी गेलो. कोठीत हात घातला, तर नुसती ज्वारी.

"आईनं दवाखान्यात जायच्या आधी चुलीत घातले," काकूची लेक म्हणाली. "मला म्हणली, तुझा दादा वाईट न्हाई, पण लई भिडस्त हाय. कुणी मागितलं तर न्हाई म्हणायचा न्हाई."

मला फार लागलं. काकू खरं तेच बोलली होती, म्हणून जास्तच लागलं.

व्यापाऱ्याला जाऊन सांगितलं, "स्टिकर न्हाईत. आन असते तरी दिले नसते." हे दुसरं वाक्य आपल्याच तोंडून कसं निघालं, याचं मला नवल वाटलं. तो हसला, माझ्यासाठी चहा मागवला. मी कप हातात धरून बसलो. त्यानं पहिला घोट घेतला, मगच मी माझा कप तोंडाला लावला.