दमणीवरची सूर्यचूल : धनज ते केनवड

संक्रांतीच्या दिवशी काकाजींनी दमणी विकायची असं जाहीर केलं, आणि त्याच दिवशी माझा हा प्रवास ठरला. अठ्ठ्याहत्तर साल नुकतंच लागलं होतं.

दमणी म्हणजे ताडपत्रीच्या अर्धगोल छपराची हलकी बैलगाडी. गोदामावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. ती आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, या गाडीतून बाजारोबाजार फिरतात. बाजाराच्या कडेला गाडी सोडायची, तीन दगड मांडून जाळ करायचा आणि डाळ-भाकर विकायची, असा त्यांचा धंदा. आमच्या धनजपासून पार केनवडपर्यंत मावशीच्या हातची डाळ खाल्लेली माणसं भेटतात.

पण धुरानं मावशीचे डोळे बिघडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धूर सोडा, नाहीतर नजर जाईल. अमरावतीला नोकरीला असलेला तिचा मुलगा केव्हाचा घरी बोलावत होता. काकाजींनी केनवडच्या एका गिऱ्हाइकाशी बोलणंही करून ठेवलं होतं. पुढच्या बाजाराला दमणी बैलांसकट त्याच्या हाती द्यायची. मावशी तिळगुळाचं ताट तसंच ठेवून बैलांना पाणी दाखवायला गेली.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. बी.एस्सी.ला असताना एका प्रदर्शनात मी सूर्यचूल पाहिली होती. ही एक काळी पेटी असते. तिला वर काच आणि झाकणाला आरसा लावलेला असतो. आत डाळ ठेवायची, उन्हात मांडायची, बस. धूर नाही, जाळ नाही. मी काकाजींना म्हटलं, "केनवडपर्यंत मला सोबत न्या. पेटीवर स्वयंपाक जमला तर गाडी ठेवायची, नाही जमला तर विका."

"तुह्या पेटीत डाळ शिजली, तर मी बैलांच्या जागी जुंपून घेईन," काकाजी म्हणाले.

"मंग जू मोठं करून ठेवा," मावशी पहिल्यांदाच बोलली.

गाडीचं स्वयंपाकघर आम्ही दोन दिवसांत नवं केलं. जुनी पत्र्याची ट्रंक आतून काळी रंगवली, तिच्याभोवती लाकडी खोकं केलं आणि मधल्या जागेत कापूस ठासून भरला. आमच्या मुलखात कापूस मागायला कुणाकडे जावं लागत नाही. काच खिडकीची होती, आरसा मावशीच्या लग्नातला. फळ्यांना बोटभर उंच काठ ठोकले, म्हणजे खड्ड्यात गाडी आदळली तरी डबे घरंगळू नयेत. माठाला दोरीचं कडं केलं, मिठा-तिखटाला झाकणाचा डबा. पेटी मात्र मी गाडीच्या मागच्या बाजूला चार बोल्टांनी अशी पक्की आवळली की हत्तीनं ओढली तरी हलू नये. काच फुटण्याची मला भीती होती.

पहाटे दंव असतानाच निघालो. कुणाला हा रस्ता करायचा असेल, तर पौष-माघातच करावा. आभाळ स्वच्छ असतं, वावरात तुरीच्या शेंगा आणि हरभरा असतो, आणि कुणीही हाक मारून मूठभर देतं. कारंज्यापर्यंत रस्ता बरा आहे, मात्र कापसाच्या गाड्यांची रांग लागते. त्यांना ओलांडायची घाई करू नये. ते पुढे जाऊही देत नाहीत आणि गप्पाही सोडत नाहीत. कारंज्यात एका धर्मशाळेच्या पडवीत उतरलो. तिथे भाडं घेत नाहीत, निघताना जागा झाडून द्यावी लागते.

मंगरूळपीरला पोचलो आणि माझी चूक उघडी पडली. सकाळी आम्ही नेहमीच्या जागी, दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर गाडी सोडली. आरसा उघडला, डाळीचं भांडं आत ठेवलं. तासाभरात ऊन सरकलं आणि छपराची सावली पेटीवर आली. पेटी उचलून फिरवायची, तर ती बोल्टांनी जखडलेली! मग काकाजींनी धुऱ्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या दांड्या, धरल्या आणि अख्खी गाडीच फिरवली. थोड्या वेळानं पुन्हा फिरवली. बाजाराला आलेली माणसं उभी राहून पाहू लागली.

"काकाजी, गाडीले भोवळ आली काय?" शेजारचा बांगडीवाला म्हणाला.

"नाई बाप्पा, भाचीनं बी.एस्सी. केलं आमच्या," काकाजी धापा टाकत म्हणाले.

मावशीची वेगळीच तऱ्हा. डाळ शिजताना ढवळायची नाही, हे तिला पटेना. मी पाठ फिरवली की ती काच उघडायची.

"मावशी, आतली गरमी जाते!"

"डाळीले हात नाई लावला तं तिले वाटते आपल्याले कोनी इचारतच नाई."

तेवढ्यात पलीकडच्या किराणा दुकानातून एक म्हातारी जैन आजी काठी टेकत आली. पेटीत वाकून बराच वेळ पाहत राहिली. जळणातल्या किड्यामुंग्या मरू नयेत म्हणून घरी एकेक लाकूड झटकून पाहणारी ती बाई.

"जाळ नाई यात?"

"नाही आजी, नुसतं ऊन."

"मंग माशी-मुंगी?"

"काच बंद असते."

आजीनं विचार केला. "माह्यी मुगाची डाळ ठेवजो. भांडं मी माह्यं आनते. तुमच्यात कांदा-लसून असन."

"आनजा," मावशी म्हणाली, "पन फोडनी नाई भेटनार. फोडनीले जाळ लागते."

"मले फोडनीचा त्यागच हाय," आजी म्हणाली. "तुह्या पेटीचं अन् माह्यं जमते पाह्य."

दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचा तिचा नेम. उन्हं कलायच्या आधीच ती डाळ घेऊन गेली. जाताना बोटानं दाणा चेपून पाहिला आणि मान डोलावली. मला इतका आनंद झाला की मी काकाजींकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

काकाजींनी मावशीकडे बोट दाखवलं. ती तीन दगडांपुढे बसून भाकरी भाजत होती. डोळ्यांतून पाणी गालावर वाहत होतं.

"डाळीचा धूर गेला," ते हळूच म्हणाले. "भाकरीचा कोन नेते?"

तवा पेटीत तापत नाही. रॉकेलचा स्टोव्ह मी आधीच सुचवला होता, पण रेशनचं रॉकेल घरच्या दिव्यालाच पुरत नाही. काकाजींना माझा राग नव्हता. तिच्या डोळ्यांची काळजी माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती, आणि गाडी विकायची तीही त्यापायीच. मला ते खरं तर त्या दिवशी नीट समजलं.

मंगरूळहून शेलूबाजारला जाणारा रस्ता खडीचा आहे. गाडी खडखडते, पण फळ्यांच्या काठांनी एकही डबा पडू दिला नाही. शेलूबाजारला चहा घ्यावा. दूध कमी असतं, पण आलं भरपूर घालतात. तिथून मालेगावकडे वळल्यावर मोटारी वाढतात, म्हणून बैलांना डावीकडे ठेवावं लागतं. काकाजी वाटेत बैलांशीच बोलत होते. नव्या मालकाचं ऐका, लाथा मारू नका. मावशी ऐकत होती आणि शेंगा सोलत होती.

मालेगावच्या अलीकडे एका विहिरीवर आम्ही जेवायला थांबलो. शेजारच्या आंब्याखाली तिघे शेतकरी बसले होते. फडक्यातून त्यांनी घरच्या भाकरी काढल्या, वर मिरचीचा ठेचा. कोरडीच भाकर पाण्याच्या घोटानं उतरवत होते.

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मंगरूळच्या आजीनं आपलं भांडं आनलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"अन् बाजाराले येनारा मानूस घरून भाकर बांधूनच निंगते. त्याले ओलं पाहिजे. गरम पाहिजे." तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली. "मी भाकर कायले टाकून राह्यली व पोरी?"

काकाजींनी बैलांच्या गळ्यातली दोरी उगीच सैल केली.

केनवडला पोचलो तर सकाळी आभाळ भरून आलेलं. मला रडू येईल असं वाटलं. मावशीनं भिजवलेली तुरीची डाळ आणि वांगी पेटीत ठेवली, तीन दगड मांडलेच नाहीत, आणि शांतपणे बसून राहिली. ती शांत कशी राहू शकते, हेच मला कळेना. बाजार भरत होता. एकदोघं जुनी गिऱ्हाइकं भाकर नाही म्हणताच पुढे गेली. मग ढग फाटले, आणि ऊन असं पडलं की आरशाकडे बघवेना.

दुपारी मावशी उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "भाकर तुमची, डाळ माह्यी! गरम डाळ!"

पहिला आला तो एक मेंढपाळ. त्यानं भाकर कुस्करली, वर डाळ घेतली, आणि पहिला घास घेऊन म्हणाला, "धुराचा वास नाई व याले."

"आवडला नाई का?"

"तसं नाई. वास नाई तं डाळीची चव समजते."

मग लोक फडकी सोडत येऊन बसू लागले. काकाजी गाडी फिरवत होते, डाळ वाढत होते, आणि दोन्ही कामं करताना तक्रार करत होते. मावशीचे डोळे कोरडे होते. मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

याच गर्दीत ते गिऱ्हाईक आलं. रुबाबदार फेटा, हातात छडी. त्यानं बैलांचे दात पाहिले, चाकाचे आरे ठोकून पाहिले, छपराची ताडपत्री ताणली. मावशीचा वाढणारा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही, पळी भांड्यात तशीच धरून ठेवली.

"माल चांगला हाय," तो म्हणाला. "मंग काकाजी, गाडी सोडता ना आज?"

काकाजी दिवसभरात ती गाडी घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून घामाघूम झाले होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"आज कसं जमन?" ते म्हणाले. "डाळ शिजून राह्यली. मधात गाडी हालवता येत नाई."

"मंग उद्या येऊ?"

"उद्या दुसरी डाळ असन." त्यांनी त्याच्यापुढे पत्रावळ ठेवली. "बसा. भाकर आनली का घरून?"

त्यानं आणली नव्हती. मावशीनं आमच्या शिदोरीतली भाकर त्याला दिली. दोनदा डाळ मागून घेऊन तो गेला, आणि जाताना रागावलेलाही दिसला नाही.

मी केनवडहून मालेगावला आले आणि तिथून एस.टी.नं परत निघाले. कारंज्याला गाडी बदलावी लागते. खिडकीची जागा हवी असेल तर लवकर जावं. वाटेत मी हिशेब लावत होते, पैशाचा नव्हे, मनाचा. पावसाळ्यात पेटी निकामी, हे मावशीला माहीत आहे. ते महिने ती मुलाकडे जाईल असं तिनं स्वतःच सांगितलं. तिचे डोळे पूर्ण बरे होतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत. मी निघाले तेव्हा मला वाटत होतं की मी मावशीला धुरातून सोडवायला चालले आहे. तिनं मात्र धुराबद्दल माझ्याशी कधी तक्रारच केली नव्हती. तिला घरी बसायची भीती होती, आणि ते मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी आईनं आधी चहा दिला. मी पेटीबद्दल, बोल्टांबद्दल, मंगरूळच्या आजीबद्दल, त्या गिऱ्हाइकाबद्दल सगळं सांगितलं. ती चुलीत लाकूड सारत ऐकत होती. मला वाटलं, आता ती सूर्यचूल कशी बनवतात ते विचारेल.

"गोदी वाटंनं गाने म्हनते का आताही?" तिनं विचारलं.

"म्हणते. मालेगाव आल्यापासून केनवडपर्यंत थांबलीच नाही."

"मंग हे आधी सांगाचं नाई का!" आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं हसली.