दादाचं ताट

दादा गेला तेव्हा मी मांडव्याच्या धक्क्यावर होतो. बोटीतून नुकताच उतरलो होतो, हातात त्याच्याच औषधांची पिशवी. वहिनीचा फोन आला. "भावोजी, आता घाई करू नका..." एवढंच बोलली. महिना उलटलाय. लोक भेटायला येतात, "कॅन्सरपुढं कुणाचं चालतंय?" म्हणतात आणि मी मान डोलावतो. त्या मान डोलावण्याचीच मला लाज वाटते.

विशीत मला टीबी झाला, तेव्हा आम्ही दोघे भाऊ मिठागरावरच्या खोपटात झोपायचो. दादा सायकल मारत अलिबागहून माझ्या गोळ्या आणायचा आणि गावात सांगायचा, "पोटाचं दुखणं हाय त्याला." आमच्याकडं कुणाचं ताट वेगळं झालं की गावाला काय ते कळतं. म्हणून हा पठ्ठ्या रोज सगळ्यांदेखत माझ्याच ताटात जेवायला बसायचा. मी म्हणायचो, "दादा, लांब बस ना!" तर म्हणायचा, "गप जेव. लगीन व्हायचंय तुझं अजून." लगीन झालं, पोरं झाली. बायकोला मात्र मी कधीच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी दादाच्या फुप्फुसात गाठ निघाली. औषधं सुरू करण्याआधी मुंबईच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कधी कुणाला टीबी झाला होता?" खोलीत माझी बायको होती, आमची नवी सूनही होती. दादानं माझ्याकडं पाहिलं. सांग म्हणत होता की सांगू नको, मला आजही कळत नाही... मीच बोललो, "न्हाय." साठीला आलेल्या माणसाला कसली आलीय लाज! पण बोलून गेलो. दादा खाली बघत राहिला.

पुढं खोकला वाढला, संध्याकाळचा ताप येऊ लागला. आम्ही सगळं कॅन्सरच्या नावावर टाकलं. थुंकी तपासली तोवर तीन महिने गेले होते. टीबी निघाला. बाई म्हणाल्या, "या औषधांनी अंगातली ताकद घटते, मग वर्षानुवर्षं निजलेला टीबी जागा होतो. आधी कळलं असतं तर सुरुवातीलाच नीट तपासलं असतं." कॅन्सरची औषधं थांबवावी लागली. घरात दादाचं ताट वेगळं झालं. बाईंनी बजावलं होतं, हा हवेतून पसरतो, मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, ताटानं काही होत नाही. तरी झालं. आणि मी मुकाट बघत राहिलो.

परवा आरोग्य केंद्रातली ताई घरातल्यांची तपासणी करायला आली. तिनं तोच प्रश्न विचारला, दादाच्या आधी घरात कुणाला झाला होता का. बायको म्हणाली, "आमच्यात न्हाय कुणाला."

"मला," मी म्हटलं. "मला झाला होता. दादाला माझ्यापासूनच लागला असणार... आणि डॉक्टरबाईंना मी खोटं सांगितलं."

वहिनी उठून आत गेली. दुपारी तिनंच मला वाढलं, दादाच्या त्या वेगळ्या केलेल्या ताटात. जेवा म्हणाली नाही, उठा म्हणाली नाही. मी जेवलो. माझ्या ताटात जेवायला कुणी बसलं नाही.