बाळासो आण्णांचा ढिला गिअर

समजा, तुम्ही बाळासो आण्णांच्या जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसला आहात आणि तुम्हाला पहिला गिअर टाकायचा आहे. क्लच दाबा. गिअरचा दांडा धरा. तो खिरीतल्या पळीसारखा चारी बाजूंना हलेल, पण घाबरू नका. शेजारी बसलेल्याच्या गुडघ्याला टेकेपर्यंत तो डावीकडे न्या, मग करंगळीएवढा परत ओढा आणि तिथून पुढं ढकला. परत ओढायला विसरलात तर रिव्हर्स पडेल.

आमच्या गावात हे एकट्या आण्णांना जमायचं.

राधानगरी ते कोल्हापूर रस्त्यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं वडाप केलं. एसटीची वाट बघणाऱ्या माणसांना नावानं हाका मारायच्या, जीपमध्ये कोंबायचं आणि बोलत बोलत कोल्हापुरात नेऊन सोडायचं. पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या, वडाप बंद पडलं. आण्णांनी जीप मात्र विकली नाही. ती गल्लीच्या कामाला लागली. कुणालाही गाडी हवी असली की तो दारात येऊन म्हणायचा, "आण्णा, चला की." नुसती जीप नेऊन उपयोगच नव्हता.

त्यामुळं गल्लीतलं एकही लग्न, बारसं आण्णांशिवाय झालं नाही. लग्नात ड्रायव्हर म्हणून टॉवेल-टोपीचा मान मिळायचा आणि जेवायला बसताना नवरदेवाचा मामा त्यांना हाताला धरून पंक्तीत न्यायचा. मुलगी बघायला जाताना तर आण्णा हवेतच. परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळ्यांची मतं सांगून झाली की कुणीतरी विचारायचं, "आण्णा, तुम्हाला कशी वाटली?" आण्णा लगेच बोलायचे नाहीत. एखादं वळण घ्यायचे, गिअर बदलायचे, मग दोनच वाक्यं बोलायचे. त्यावर बहुतेक वेळा ठरून जायचं.

बायडाबाई काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, यावर टोमणा मारल्याशिवाय राहायच्या नाहीत. "ह्यांनी बघितल्याबिगर गल्लीत एक सून आली न्हाय. मला बघायला आलते तवा मातूर ह्यांनी मान वर केली न्हवती."

गेल्या लग्नसराईत गल्लीतल्या उदयसिंहच्या बहिणीच्या लग्नात घोटाळा झाला. कार्यालयातून निघताना पहिल्याऐवजी रिव्हर्स पडला. जीप मागं गेली, स्वागताची कमान हळूच वाकली आणि नवरा-नवरीची नावं जीपच्या टपावर येऊन बसली. कुणाला लागलं नाही. वऱ्हाड पोट धरून हसलं. काकू तेवढ्या खाली उतरल्या.

"मी येस्टीनं जातो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि तुमचा दांडा या निवांत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा आमच्या दारात हजर. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये काम करते आणि आण्णांच्या समोरच राहते.

मी दांड्याचं रबरी कव्हर वर सरकवलं, खालची टोपी खोलली, स्प्रिंग बाहेर काढली. दांड्याच्या खालच्या अंगाला एक गोळा असतो आणि तो एका वाटीत बसतो. ही वाटी झिजली की दांडा मोकाट सुटतो. आण्णांच्या जीपमधली वाटी बोटानं दाबली तर तिचा चुरा पडला. इतक्या जुन्या मॉडेलची वाटी बाजारात मिळेना. मग मी मापं घेतली आणि आमच्या वर्कशॉपमध्ये नायलॉनच्या रॉडमधून लेथवर नवीन वाटी काढली. ग्रीस भरून बसवली.

आण्णा गाडीत बसले. सवयीनं त्यांचा हात लांब डावीकडं निघाला, पण दांडा मध्येच अडला. ते थोडा वेळ दांड्याकडं बघत राहिले. मग दोन बोटांनी त्यांनी पहिला टाकला.

"लोण्यागत पडतोय की," ते म्हणाले. त्या दिवशी मीही जरा ताठ मानेनं कामावर गेले.

संध्याकाळी उदयसिंह एक फेरी मारून आला. मग सयाजीकाकांच्या यशराजनं मारली. दोघांनाही सहज जमलं, आणि ही बातमी गल्लीभर झाली. त्यानंतर दारात येणारी माणसं तीच होती, पण आता ती म्हणायची, "आण्णा, चावी द्या की." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट, या वयात आण्णांना त्रास नको, असंच सगळे म्हणत. आण्णा खुंटीवरची चावी काढून द्यायचे आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभे राहायचे.

मग एका रविवारी यशराजसाठी शिरोळला मुलगी बघायला जायचं ठरलं. आण्णांनी सकाळी उठून जीप धुतली, सीट पुसल्या, परीटघडीची टोपी घातली आणि पायरीवर येऊन बसले. थोड्या वेळानं सयाजीकाका आले.

"आण्णा, तुम्ही कशाला हेलपाटा घालताय एवढ्या लांब? आमचा यशराजच चालवतोय की आता. तुम्ही बसा निवांत."

आण्णांनी चावी दिली. रस्त्यात खड्डे कुठं आहेत तेही सांगितलं. गाडी गेली. टोपी मात्र त्यांनी बराच वेळ काढली नाही. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, शेजारी बसल्या. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

दिवस मावळताना जीप परत आली. सयाजीकाकांनी चावीबरोबर पेढे दिले. मुलगी सगळ्यांना पसंत पडली होती.

"येताना गाडीतच ठरवून टाकलं," ते म्हणाले आणि घाईनं घरी गेले.

थोड्या वेळानं आण्णा आमच्या अंगणात आले. एक पेढा माझ्या हातावर ठेवला. गिअर कसा चाललाय, मी विचारलं. झ्याक चाललाय, म्हणाले. पण निघेनात.

"क्रांती, तू केलेली ती वाटी झिजायला किती दिस लागत्यात?"

काम करून दिल्यावर हा प्रश्न सगळेच विचारतात आणि प्रत्येकाला मोठा आकडाच ऐकायचा असतो. म्हणून मी हौसेनं सांगितलं, नायलॉन एकदम चांगल्या प्रतीचं आहे, ग्रीस भरपूर भरलंय, लय वर्षं काही होत नाही.

आण्णांचा चेहरा उतरला. दारातल्या जीपकडं त्यांनी एकदा बघितलं.

"लय वर्षं म्हंजे किती गं?"