ओजी फोडण्यापूर्वी

पितळी तबकात पाच बिया होत्या. काही फिकट गुलाबी, काही हस्तिदंती. ओलसर, तुळतुळीत, कडसर वासाच्या. नायजेरियातल्या इग्बो लोकांची ही ओजी, म्हणजे कोला झाडाची बी. हिच्यावाचून त्यांच्यात ना पाहुण्याचे स्वागत होते, ना सोयरिकीचे बोलणे, हे नंदिनीने, माझ्या लेकीने, मला आधीच समजावले होते. पण विट्यातल्या आमच्या सोप्यात त्या तबकाकडे पाहताना एकच विचार डोक्यात घुमत होता: या पाच बिया माझी पोर घेऊन जाणार!

समोर ओबिना आणि त्याचे काका बसले होते. ओबिना सांगलीला नंदिनीच्या वर्गात औषधनिर्माणशास्त्र शिकलेला. गुणी, अदबशीर, माझ्याशी मराठीत बोलण्याचा हट्ट धरणारा. मग भीती कसली? खरे सांगू तुम्हाला? भीती शेजारच्या खिडक्यांची होती, भावकीच्या जिभांची होती, समुद्रापलीकडच्या त्या अफाट अंतराची होती. आणि या सर्वांहून दारुण भीती अशी, की ‘हो’ म्हटले तर पोर जाईल, आणि ‘नाही’ म्हटले तर घरात राहील, पण माझी राहणार नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवली, आणि आज एका शब्दाच्या उत्तरापाशी माझी बोबडी वळली होती.

काका मात्र निवांत. संथ इंग्रजीत ते सांगत होते, की त्यांचा मूळचा आठवडा चार दिवसांचा आणि प्रत्येक दिवसाला बाजाराचे नाव; म्हणून ज्या ओजीच्या चार फोडी निघतात ती शुभ. काय नवल आहे पाहा! कुठे तो देश, कुठे आपला दुष्काळी माणदेशाचा शेजार. पण आमच्या गावाकडेही आठवडा बाजाराच्या दिवसावरूनच धरतात; काळ मोजायला दोघांनाही बाजारच लागला. क्षणभर मला बरे वाटले.

मग नजर पुन्हा तबकाकडे गेली. घाबरलेला माणूस हाताला काहीतरी काम शोधतो. मी पानाच्या डब्यातला अडकित्ता उचलला आणि सुपारी धरावी तशी एक ओजी पात्यात धरली. आपल्याकडे बैठकीत सुपारी फुटली की सोयरीक पक्की, याचेही भान मला राहिले नाही.

“आवं, आवं! काय करताय?” दारातून माझी पत्नी कमल ओरडली.

काकांनी माझे मनगट हलकेच धरले. ही ओजी आम्ही मुलगी मागायला आणली आहे, ते म्हणाले. सगळ्यांसमक्ष मुलगी स्वतः ‘खा’ म्हणेपर्यंत कुणी तोंड लावायचे नाही. आधी तिला विचारा.

विचारा! आपण पत्रिकेला विचारतो, मामाला विचारतो, भावकीतल्या थोरल्यांना विचारतो. पण भरल्या बैठकीत खुद्द मुलीला?

“नंदे,” मी कसाबसा म्हणालो, “ही ओजी खाऊ का गं आम्ही?”

तिने ओबिनाकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, इतका वेळ, की तिने ‘नको’ म्हणावे अशी आशा आणि ती तसे म्हणेल ही धास्ती, दोन्ही एकदमच माझ्या छातीत धडधडू लागल्या.

“खावा, आबा,” ती म्हणाली.

काकांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना केली, मी बोटांनी ओजी उकलली आणि एकेक फोड सर्वांच्या हातावर ठेवली. तिच्या कडूपणाने तोंड आखडले, डोळे भरून आले. ते कडूपणानेच भरले असे मी म्हणणार नाही.

पाहुणे गेल्यावर पाहतो तो कमल तशीच उंबऱ्याशी बसलेली. तिची फोड अजून तळहातावरच होती.

“आपली सुपारी फुटली तवा मी चुलीपाशी भाकरी थापत हुते,” ती म्हणाली. “सोप्यातनं आवाज आला, तवा कळलं, माझं लगीन ठरलं.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तेव्हा तुला विचारले असते, तर तू काय म्हणाली असतीस? एवढेच तिला विचारायचे आहे मला. रोज ठरवतो, आणि रोज तिच्यासमोर गेलो की धीर सुटतो.