उत्तर न दिल्यास पुन्हा फोन

शोभना गेल्याचं तिच्या भावाने सकाळी कळवलं, आणि त्याच दुपारी मला तिचा फोन आला. ‘‘नमस्कार, मी शोभना. कशी आहे तब्येत?’’... आवाज रेकॉर्ड केलेला होता, चाचणीसाठी माझा नंबर आम्हीच फोनच्या यादीत घातला होता, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तोंडातून ‘‘बरी आहे गं’’ निघून गेलंच.

आमचं काम सांगायला रूक्ष. नाशिक जिल्ह्यातल्या गावांमधून लोकांना तब्येतीचं विचारायचं आणि त्यांच्या परवानगीने ती उत्तरं दवाखान्यातल्या नोंदींशी जोडायची. शोभनाला त्याचं वेड होतं. दिंडोरीच्या द्राक्षबागेत औषध मारणारा एक जण तिला म्हणाला होता, ‘‘खोकला हाय थोडा, त्याचं लय काय नाय.’’ दवाखान्यात त्याच्या नावापुढे दमा लिहिला होता, पण तो काम काय करतो हे तिथे कोणी विचारलं नव्हतं. ‘‘जोडल्याशिवाय कळणार कसं?’’ ती वैतागून म्हणायची. दर महिन्याला गावोगाव फिरणं शक्य नव्हतं, म्हणून फोनची कल्पना तिचीच. सातपूरच्या आमच्या खोलीत, शेजारचं वर्कशॉप बंद असताना, तिने आवाज दिला. मी समोर बसून वेडीवाकडी तोंडं करत होते, त्यामुळे ‘तब्येत’ म्हणताना ती जराशी हसली. पुन्हा रेकॉर्ड कर म्हटल्यावर ऐकेल ती शोभना कसली! बरं असेल तर एक दाबा, दवाखान्यात जावं लागलं असेल तर दोन. काहीच दाबलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

ती गेल्यावर आवाज बदलायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. माझ्याने होईना. आज करू, उद्या करू... तेवढ्यात उत्तर न देणाऱ्यांची नावं समोर आली. अशी माणसं हयात आहेत ना, हे आम्ही मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहतो. त्यात नामपूरच्या तिच्या आईचं नाव होतं. ते नाव त्या नोंदींत शोधायचा धीर झाला नाही. सरळ बस पकडली.

काकू ओट्यावर बसून कांदे निवडत होत्या. चांगल्या धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग थोडा रागही आला.

‘‘काकू, फोन येत नाही का तुम्हाला?’’

‘‘येस ना पोरी. रोज येस.’’

‘‘मग बटण का नाही दाबत?’’

त्यांनी पदराला हात पुसले. ‘‘एक दाबं का ती ठेवी देस. नही दाबं, का सकाय परत फोन करस.’’

मला रडू आवरेना. त्यांनीच पाणी आणून दिलं, जेवू घातलं. निघताना मात्र विचारलं, ‘‘आते बंद करशी का तू?’’ मी खरं ते सांगितलं, की तो आवाज आता बदलावाच लागेल. गावागावांतल्या लोकांना, ती नाही हे माहीत नसताना, तिच्या आवाजात तब्येत विचारणं बरोबर नव्हतं. शोभनानेच मला त्यावरून झापलं असतं. काकूंनी पुन्हा कांदे निवडायला घेतले.

परत आल्यावर मी माझा आवाज घातला. पहिल्याच फेरीत नामपूरचं उत्तर आलं. माझा प्रश्न पुरता व्हायच्या आतच त्यांनी एक दाबला होता. आमच्या नोंदीत शोभनाच्या आई आता संपर्कात आहेत, आणि त्यांची तब्येत बरी आहे.